आमच्या गावाचा इतिहास आम्ही कसा लिहिला

(जून 2011 मध्ये ग्रामसभांच्या अभ्यास शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना अर्धेअधिक गोंडीत होते. पत्रकासाठी मराठीत लिहून काढले आहे.)



आम्ही चार पोरं आणि दोन पोरी, धानोरा तालुक्यातल्या एका गावाच्या. गावाचे नाव घेत नाही, कारण आमचा सामूहिक दावा अजून समितीपुढे आहे आणि त्याचा निकाल लागायचा आहे. ज्यांना नाव माहीत आहे त्यांनीही सध्या घेऊ नये.

आम्ही बारावीपर्यंत शिकलो. पहिलीपासून आश्रमशाळा, मग तालुक्याला. सुट्टीत घरी यायचो ते पाहुण्यासारखे. बारावीनंतर कोणी चंद्रपूरला हॉटेलात लागला, कोणी रस्त्याच्या कामावर, कोणी आंध्रात मिरची तोडायला गेली. 2009 साली आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हा आमच्या ग्रामसभेने निरोप धाडला, की लिहितावाचता येणाऱ्यांनी गावात या. म्हणून आलो. खरं सांगायचं तर इतिहास लिहायला आलोच नव्हतो. फॉर्म भरायला आलो होतो. वाटलं, महिनाभराचं काम आहे, मग परत जाऊ. दीड वर्ष झालं.

मेंढ्याची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. देवाजी तोफांना कितीतरी वेळा ऐकले आहे. 1800 हेक्टरच्या वर जंगल त्या एका गावाच्या ग्रामसभेच्या हाती आले, आणि आत्ता 27 एप्रिलला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात येऊन बांबूच्या वाहतुकीचे पास पुस्तक ग्रामसभेला देऊन गेले. पण आम्ही मेंढ्याला गेलो तेव्हा आम्हाला पासापेक्षा दुसरीच गोष्ट लागली. त्या गावात अभ्यासगट आहे. कायदा यायच्या कितीतरी वर्षे आधीपासून ते निस्ताराचे कागद काढून वाचत होते. कायदा 2006 चा, त्यांची तयारी त्याच्याही आधीची. आमच्याकडे कायदा होता आणि तयारी काहीच नव्हती.

कायद्याचे नियम 1 जानेवारी 2008 पासून लागू झाले. त्यातला तेरावा नियम ज्यांनी वाचला नसेल त्यांनी आज रात्रीच वाचावा. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात ते त्यात आहे. गॅझेटिअर, जनगणना, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे हे तर आहेच. पण जुन्या विहिरी, मेलेल्यांना पुरायची जागा, देवाची जागा, हेही पुरावे. वंशावळ हाही पुरावा. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांनी सांगितलेले आणि लिहून घेतलेले बोलणे, हाही पुरावा. सामूहिक दाव्यासाठी निस्तार, चराई, कंदमुळे खणायच्या जागा, मासे धरायच्या जागा, औषधाच्या झाडपाल्याची जंगले, सगळे चालते. एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे असेही लिहिले आहे. आमच्यासारख्या बिनपट्ट्याच्या माणसांना सरकारने पहिल्यांदाच म्हटले की तुमचे म्हातारे काय सांगतात ते आम्ही ऐकू. मग म्हाताऱ्यांना विचारायला कोणीतरी जायलाच हवे ना?

आता इतिहास म्हटले की आमच्या डोक्यात राजेच आले. चांद्याचे गोंड राजे, बल्लारपूरचा किल्ला, राणी हिराई. आणि बाबूराव शेडमाके तर आलेच. 1858 साली इंग्रजांशी लढले, त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. त्यांच्या नावाने आम्ही दरवर्षी कार्यक्रम करतो, पुढेही करू. पण दाव्याच्या फॉर्ममध्ये बाबूराव लिहून आमच्या गावाचे जंगल कुठून कुठपर्यंत हे सिद्ध होत नाही. मग आम्ही इंग्रजी गॅझेटिअर धुंडाळले, 1909 चे, चांदा जिल्ह्याचे. त्याच्या आधीचा मेजर ल्यूसी स्मिथचा 1869 चा बंदोबस्त अहवाल. एका मास्तरांनी पाच-सहा रविवार आमच्यासोबत बसून समजावून दिले, कारण आमचे इंग्रजी बारावी पास होण्यापुरतेच. त्यात जमीनदाऱ्या आहेत, जमीनदारांची घराणी आहेत, सागवान किती आणि महसूल किती आहे. आमच्या टोल्याचे नाव नाही. साहेबाने जमीनदाराकडे पाहिले. जमीनदाराखाली कोण राहत होते ते त्याला कशाला लागते?

म्हणून घरोघर जायचे ठरले. पहिली फेरी आमची पूर्ण वाया गेली, ती कशी गेली ते सांगतो म्हणजे तुमची जाणार नाही. आम्ही घरूनच वीस प्रश्न छापून नेले. रजिस्टर उघडून बसलो की समोरची माणसे गप्प. एका घरी तर विचारले, तुम्ही कोणत्या खात्याचे? आपल्याच गावचे पोर, पण हातात रजिस्टर दिसले की खातेच आठवते. मलेरियावाला येतो, खानेसुमारीवाला येतो, गार्ड येतो, लिहून नेतो, त्यानंतर भले झाल्याचे कोणाला आठवत नाही. आणि आम्ही लिहिले तरी काय? प्रत्येक जबाबात एकच वाक्य : 'आमचे पूर्वज अनादी काळापासून येथे राहत आहेत.' मराठीच्या पेपरात असे लिहिले की मार्क मिळायचे. ग्रामसभेत ते वाचून दाखवले, तर मागून एक सियान म्हणाले, "अनादी मनजे कोणता साल रे पोरहो? माझा बुढा तर रिठीवरून आला होता."

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण रिठ म्हणजे काय हे आमच्यातल्या तिघांना माहीतच नव्हते. उठून गेलेले गाव, ओसाड गावठाण, त्याला आपल्याकडे रिठ म्हणतात. आम्ही इथेच जन्मलो आणि आमचे गाव आधी दुसरीकडे होते हे आम्हाला विसाव्या वर्षी कळले.

त्या सियानांकडे दुसऱ्या दिवशी जायला पाहिजे होते. आम्ही म्हटले, तेंदूचा हंगाम आटोपू द्या. हंगाम आटोपला तेव्हा ते नव्हते. त्यांच्या नावापुढे आमच्या रजिस्टरमध्ये एक पान कोरे आहे. ते तसेच ठेवले आहे.

त्यानंतर आम्ही वीस प्रश्न टाकून दिले. कामाच्या जागी जायला लागलो. मोह वेचताना, टोपली विणताना, धान राखताना बोलायचे. साल विचारायचे नाही, कारण साल कोणाला आठवत नाही. 'जमीनदारी गेली तेव्हा तू केवढी होतीस?' असे विचारायचे. जमीनदारी गेली ते 1951. मोठा दुष्काळ 1972. चांद्यातून गडचिरोली वेगळा झाला 1982. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध लोक निघाले ते 1984, तेव्हा लालश्याम शहा महाराज आणि बाबा आमटे सोबत होते. त्याच्याही मागे जायचे तर मानमोडीची साथ आहे, 1918 ची. ती पाहिलेले आता कोणी नाही, पण 'माझी माय मानमोडीत उरली' असे सांगणारे एक-दोघे आहेत. या खुंट्यांना बांधून बांधून आम्ही गावाची वर्षे मोजली. कोणी म्हणाले, मोहाचे ते झाड तोडले तेव्हा माझा पोरगा कडेवर होता. पोरगा आता आजा झाला आहे. म्हणजे साल निघाला.

रिठीची गोष्ट पूर्ण सांगितली ती एका आजीने. ती म्हणाली, "मी ह्या गावात सून होऊन नाई आली. मी रिठीवर आली." लग्न होऊन दोन पावसाळे झाले आणि हैजा आला. घरातली माणसे गेली. जे उरले ते भर पुरात नदी ओलांडून अलीकडे आले. रिठीचे नाव तिने घेतले. ते नाव आम्ही कधी ऐकले नव्हते. तिला घेऊन आम्ही तिथे गेलो. अर्धी वाट तिला पाठीवर नेले, अर्धी ती आमच्या पुढे चालली. चिंचेची चार झाडे आहेत, आंबे आहेत. बोडीची पाळ अजून दिसते, मध्ये फुटलेली. झुडपात उभे दगड आहेत, मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले कल. तिने एकेका दगडाला हात लावून नाव सांगितले. सात सांगितली, दोन तिला आठवली नाहीत. आठवली नाहीत असेच आम्ही लिहिले.

आता कागदाचे ऐका. आम्हाला निस्तार पत्रक पाहिजे होते. जमीनदाऱ्या गेल्यावर गावोगावी निस्तार लिहून ठेवला गेला. कोणत्या गावाला कोणत्या जंगलातून जळाऊ लाकूड, बांबू, काटे, गवत, कुठे चराई, हे त्यात असते. एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्यासाठी आम्ही चार फेऱ्या मारल्या. उत्तर एकच : 'या नावाचे गाव नाही.' गाव नाही म्हटल्यावर माणसाला स्वतःचाच संशय येतो. पाचव्या वेळी आम्ही आजीने सांगितलेले रिठीचे नाव लिहून अर्ज दिला. कागद निघाला. महसुलाला गाव उठल्याचा पत्ताच नव्हता. मौजा जुन्याच नावाने चालू होता आणि माणसे नव्या नावाने जगत होती. कागदाच्या डोक्यावर मध्यप्रदेश लिहिले होते, कारण 1956 पर्यंत आपला चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. आमच्यातल्या एकाला वाटले चुकीचा कागद दिला. तर हे लक्षात ठेवा, की पन्नासच्या आसपासचे कागद मागायला जाल तेव्हा आधी रिठीचे नाव विचारून जा, आणि वर मध्यप्रदेश दिसले तर परत करू नका.

आजीला शाळा माहीत नाही. तिने एक नाव सांगितले नसते तर तो कागद अजून फडक्यातच बांधलेला असता.

आता जे बोलायचे आहे ते थोडे अवघड आहे. इथे आमच्या गावचे लोकही बसले आहेत. पण बोलायचे ठरवून आलो आहोत.

रिठीवरून माणसे नदी ओलांडून आली हे सांगितले. कशी आली? ढिवरांच्या डोंग्यातून आली. पलीकडच्या काठाला ढिवरांची आठ-दहा घरे आहेत, ती तेव्हाही होती. पूर होता, घरात प्रेत होते, साथ लागेल म्हणून दुसरे कोणी जवळ येत नव्हते, तेव्हा त्यांनी दोन दिवस डोंगा चालवला. आजीने हे सांगितले तेव्हा आम्ही सहाही जण खाली मान घालून बसलो. कारण आमच्या पहिल्या मसुद्यात नदीतले डोह आमच्या गावाचे म्हणून लिहिले होते आणि ढिवरांचे नावच नव्हते. मुद्दाम गाळले नव्हते. कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

ग्रामसभेत हे ठेवले तर दोन रात्री भांडण झाले. काही जण म्हणाले, लिहू नका. त्यांचे म्हणणेही आम्ही इथे प्रामाणिकपणे सांगतो. ते म्हणाले, हा कायदा मोठ्या लढ्यातून आला, आदिवासी मेले तेव्हा आला. आपल्या जंगलात आधीच ठेकेदार आले, कागदगिरणीचा बांबू गेला, आता लिहून देऊन आणखी वाटेकरी कशाला करायचे? आणि ढिवरांना कायद्याने 13 डिसेंबर 2005 च्या मागे तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा लागतो. तो त्यांचा त्यांनी आणावा. आमच्या सहा जणांतही दोघे याच मताचे होते.

75 वर्षे मागे म्हणजे 1930. ढिवरांकडे 1930 चा कागद कुठून असणार? त्यांच्या घरात कोणी बारावी झालेले नाही. त्यांचा पुरावा आहे तो आमच्या आजीच्या तोंडात. तिने ते डोंगे पाहिले, आणि तिच्या सासऱ्याने तिला सांगितले की त्याच्या लहानपणी ते लोक त्याच डोहात जाळे टाकत होते. आम्ही ते वाक्य वहीत घेतले तर त्यांना हक्क मिळायला वाट आहे. घेतले नाही तर आजी आहे तोवर. ती आता ऐंशीच्या वर आहे.

दुसऱ्या रात्री आजीच उठली. म्हणाली, "जे झालं ते लिवा. मी बोलली अन् तुमी अर्धं लिवलं तं मंग मी कायले बोलली?" त्यानंतर फार कोणी बोलले नाही. सहमती झाली म्हणणार नाही, एक घर अजून नाराज आहे. पण लिहायचे ठरले. डोह दोघांचे, असे लिहिले. पलीकडच्या गावाची गुरे उन्हाळ्यात आमच्या हद्दीत येतात तेही लिहिले, आणि आमची त्यांच्याकडे जातात तेही. निस्तार पत्रकातही ते तसेच होते.

यातून एक गोष्ट झाली जी आम्ही हिशोबात धरली नव्हती. वडीलधाऱ्यांचा जबाब दावेदार सोडून दुसऱ्याचा लागतो, हे मघाशी सांगितले. आमच्याच गावच्या माणसांनी आमचेच जंगल सांगितले तर साहेब म्हणतो, तुम्ही तर म्हणणारच. पण ढिवरांचा एक म्हातारा आला आणि त्याने जबाब दिला, की आमची बोडी, आमची रिठ, आमचे पेनाचे ठाणे त्याने लहानपणापासून पाहिले आहे, आणि नदीच्या या बाजूचे लाकूड घ्यायचे तर त्याचा बाप आमच्या गायत्याला विचारून घेत असे. असा जबाब आम्हाला आमच्या गावात मिळाला नसता. आमच्या आजीचा जबाब त्यांच्या दाव्यात लागला, त्यांचा आमच्या.

बायांबद्दल थोडे. वंशावळ काढायला बसलो तर पानभर पुरुष. बायांच्या जागी 'पत्नी' लिहिलेले. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या, हे असे चालणार नाही. मग बायांना त्यांची माहेरे विचारली. एकेका घराचे धागे कुरखेडा, कोरची, पार छत्तीसगडात मोहल्यापर्यंत गेले. जंगलाची नावेही बायांनाच जास्त माहीत. पुरुषांनी जंगलाचे तेवीस तुकडे सांगितले, बायांनी एक्केचाळीस. फॉरेस्टच्या नकाशात तिथे फक्त कक्ष क्रमांक आहेत. नंबरावरून काही कळत नाही, पण आपल्या नावात सगळे असते. ज्या नावात येर आहे तिथे पाणी आहे, जिथे मेट्टा तिथे डोंगर, मरका आहे तिथे आंबे होते, आता असोत नसोत. आम्ही आधी ही नावे मराठी करून लिहिली होती, कार्यालयात वाचायला सोपे जावे म्हणून. ती सगळी खोडून गोंडीत परत लिहिली. मराठी अर्थ शेजारी दिला.

सावधगिरीचे एक सांगून ठेवतो. वही आणि नकाशा घेऊन जंगलात फिरणाऱ्या पोराला आपल्या भागात दोन्हीकडून विचारणा होते, हे तुम्हाला उलगडून सांगायला नको. एकट्याने जायचे नाही. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल खिशात असू द्यायची. सोबत एक सियान आणि एक बाई असली पाहिजे. उद्देश लपवायचा नाही, जो विचारेल त्याला वही दाखवायची. आम्ही म्हणूनच वहीत कोणाच्या भांडणाचे, कोणी कोणाला जेवू घातले त्याचे, काही लिहीत नाही. गावाचा इतिहास लिहायचा म्हणून गावाला धोक्यात घालायचे नाही. असे काही आपण होऊन कोणी सांगायला लागले की पेन खाली ठेवायचा.

सध्या काय आहे तेवढे सांगून थांबतो. नमुना ब भरून, सोबत निस्तार पत्रकाची नक्कल, अकरा जबाब, वंशावळी, रिठीचे आणि दगडांचे फोटो, हाताने काढलेला नकाशा असे सगळे दिले आहे. पोच घेतली आहे. पोच घेतल्याशिवाय कोणी कागद देऊ नका, कितीही घाई दाखवली तरी. मूळ वही ग्रामसभेच्या पेटीत आहे, तिची एक हातनक्कल ढिवरांकडे ठेवली आहे. आपले घर जळाले तर त्यांच्याकडे राहील म्हणून. आजीचे बोलणे गोंडीतच मोबाईलमध्ये भरून घेतले आहे, पण तो मोबाईल एका पोराचा आहे आणि तो पुढच्या महिन्यात मिरचीला जातो म्हणतो. ते उतरवून कुठे ठेवायचे, कोणाला माहीत असेल तर सांगा.

जेवण झाल्यावर आम्ही त्या मोहाखाली बसणार आहोत. तुमच्या गावात रिठीवरून आलेले कोणी असेल, किंवा तुमच्या हद्दीत एखादी रिठ असेल, तर तिचे नाव आणि ते कोणाकडून ऐकले ते सांगून जा. आमच्या वहीत शेवटची बारा पाने त्यासाठी ठेवली आहेत. पानांच्या वरती तालुक्यांची नावे घातली आहेत. धानोऱ्याचे भरत आले, एटापल्लीचे अजून कोरे आहे.